दूधसागरची जीप: सासूबाईंना नेऊ की नको?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय, तो प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहा जण गोव्याला निघालेत, मुक्काम कळंगुटला. नवरा-बायको, सहा वर्षांचा मुलगा, सासूबाई ६६ वर्षांच्या (गुडघे दुखतात), सासरे ७१ (मानेचा स्पाँडिलोसिस) आणि नणंद, चार महिन्यांची गरोदर. दूधसागर धबधब्याला उघड्या जीपमधून नेतात त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. जीप पाण्यात घुसताना बघून सासूबाई म्हणाल्या मी नाही येणार, आणि मुलगा तेच बघून हट्टाला पेटलाय. तर जीप सेफ आहे का, पैसे वसूल होतात का, आणि कुणाला न्यायचं कुणाला ठेवायचं.

ताई, मी बेळगावचा. गेली सतरा-अठरा वर्षं दर सीझनला ग्रुप घेऊन अनमोड घाटातून खाली कुळेला, म्हणजे या जीप सुटतात तिथे, उतरतोय, एका सीझनला पंधरा-वीस फेऱ्या तरी होतातच. शाळेच्या पोरांपासून ज्येष्ठ नागरिक संघापर्यंत सगळे नेऊन झालेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, लोक चुकीच्या गोष्टीला घाबरतात. जीपला घाबरतात, पाण्याला घाबरतात, आणि जीप थांबल्यावर पुढे दगडांवरून चालायचंय त्याचा विचारच करत नाहीत. मी आजवर जेवढे मुरगळलेले पाय बघितले ते सगळे चालताना मुरगळलेले, जीपमध्ये एकही नाही. त्यामुळे सासूबाईंना "जीपमध्ये बसाल का" असं विचारू नका, "ओल्या दगडांवरून वीस मिनिटं जायचं आणि वीस मिनिटं परत यायचं, जमेल का" असं विचारा. त्यांचं उत्तर काय येतं त्यावर बाकी सगळं ठरेल.

आता सगळा प्रकार काय असतो तो सांगतो, कारण व्हिडिओत फक्त पाण्यातला भाग दाखवतात.

कुळे हे मोलेच्या जवळचं रेल्वे स्टेशनचं छोटं गाव. इथून जंगलात जायला खाजगी गाडी सोडत नाहीत, कारण आत भगवान महावीर अभयारण्य आहे आणि त्यातलाच मोले नॅशनल पार्कचा भाग. तुमची इनोव्हा असो नाहीतर स्वतःची थार असो, ती कुळेच्या पार्किंगला लावायची आणि तिथल्या लोकांच्या जीपमध्ये बसायचं. मला दर ट्रिपला एकजण तरी भेटतोच, "माझी पण फोर बाय फोर आहे हो", असेल, पण नाही सोडत. काउंटरवर नाव-नंबर द्यायचा, पैसे भरायचे, लाइफ जॅकेट घ्यायचं (ते सक्तीचं आहे, भाडं वेगळं), मग जीपचा नंबर मिळतो. एका जीपमध्ये सात जण. तुम्ही सहा आहात, म्हणजे सगळे आलात तर एक अनोळखी माणूस तुमच्यात येईल, किंवा सातव्या सीटचे पैसे भरून जीप पूर्ण घ्या. मी म्हणेन म्हातारी माणसं असतील तर पूर्ण घ्या, कारण मग कुणी कुठे बसायचं ते तुमच्या हातात राहतं, आणि सगळा खेळ तिथेच आहे, पुढे सांगतो. भाडं दर सीझनला थोडं फार बदलतं आणि बुकिंगची पद्धतही बदललेली बघितली आहे, त्यामुळे निघायच्या आधी हॉटेलवाल्याकडून नाही तर थेट कुळ्याच्या काउंटरवरून ताजं विचारून घ्या.

जीपचं अंतर एका बाजूचं बारा किलोमीटरच्या आसपास, वेळ पाऊण ते एक तास. यावरूनच रस्ता कसा असेल ते ओळखा. तिथे पोचल्यावर ड्रायव्हर साधारण दीड तास देतो, त्यातच चालणं, धबधबा बघणं, पाण्यात उतरणं, परत चालत येणं सगळं आलं. म्हणजे कुळे ते कुळे साडेतीन-चार तास धरा, रांग वेगळी.

रांगेचं म्हणाल तर डिसेंबरचा दुसरा आठवडा चांगला निवडलाय तुम्ही. २२-२३ तारखेनंतर ते नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी स्वतः ग्रुप घेतच नाही, तीन-तीन तास उन्हात उभं राहून लोक माझ्यावर चिडतात आणि माझ्या हातात काही नसतं. पण तुमच्या आठवड्यातसुद्धा शनिवार-रविवार टाळा. आणि सकाळी साडेसातच्या आत कुळ्यात पोचा. कळंगुटहून दोन तास धरायचे, म्हणजे साडेपाचला निघायचं, हे ऐकून सगळे तोंड वाकडं करतात मला माहिताय. पण किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून जी पॅकेजं निघतात, दूधसागर अधिक मसाल्याची बाग अधिक जेवण अशी, त्यांच्या बसेस दहा-साडेदहाला येऊन थडकतात आणि मग काउंटरची जत्रा होते. त्याच्या आधी तुमची जीप आत गेलेली पाहिजे. जमत असेल तर आदल्या रात्री मोले किंवा फोंड्याच्या बाजूला मुक्काम करा, म्हाताऱ्यांना ते फार बरं पडतं. कुळ्यात सकाळी पातळ भाजी-पाव आणि चहा मिळतो, तो खा, पण पोट गच्च भरू नका. का ते जीपमध्ये कळेल.

आता जागेचं. हे नीट वाचा.

जीपमध्ये सगळ्यात कमी धक्के बसतात पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, आणि सगळ्यात जास्त एकदम मागे, दाराजवळच्या आडव्या बाकावर. साधं आहे, पुढची सीट दोन्ही चाकांच्या मधे येते आणि मागचा बाक मागच्या चाकांच्या वर नाहीतर मागे लटकलेला असतो. चाक खड्ड्यातून वर आलं की मागचा माणूस फळीवर बसल्यासारखा उडतो. या गाड्यांना मागे पाटे असतात, कारसारखी मऊ स्प्रिंग नाही, आणि पाट्यांवर वजन कमी असलं की गाडी जास्त आपटते. म्हणून सात जण भरलेली जीप तीन जणांच्या जीपपेक्षा बरी चालते, हे लोकांना पटत नाही पण खरं आहे. तुमच्या सासऱ्यांना पुढे बसवा, यात वाद नको, मुलगा कितीही रडला तरी. त्यांना सांगा डोकं मागे किंवा बाजूच्या दांड्याला टेकवायचं नाही, मान मोकळी ठेवायची, समोर लांबचा रस्ता बघायचा म्हणजे खड्डा येतोय हे अंगाला आधी कळतं. पण त्यांच्या हाताला मुंग्या येत असतील, चक्कर येत असेल, तर पुढची सीट काय आणि मागची काय, नकोच. डॉक्टरांना विचारताना "गोव्याला जातोय" एवढं विचारू नका, "तासभर कच्च्या रस्त्याला आपटत जायचं आणि तेवढंच परत यायचं" असं विचारा. पहिल्याला सगळे डॉक्टर हो म्हणतात.

मागे बसणाऱ्यांनी एक गोष्ट शिकून घ्यायची. सीटची कड धरायची नाही. बहुतेकजण दोन्ही हातांनी सीट धरून कमरेवर सगळा भार टाकतात, मग प्रत्येक धक्का मणक्यात जातो. वरचा दांडा एका हाताने धरा, पाय फाकवून तळवे पक्के टेकवा, आणि मोठा खड्डा दिसला की घोड्यावर बसल्यासारखं जरा मांड्यांवर उचलून घ्या. आणि तोंड बंद, खरंच सांगतो, बोलता बोलता जीभ चावलेले लोक बघितलेत मी. एकदा एका काकांची कवळी निघून जीपच्या पत्र्यावर पडली, सगळी गाडी हसायला लागली आणि काका पण. मुलगा मधे, दोन मोठ्यांच्या मधे, दाराकडे नाही. बाजू उघड्या असतात, वाटेत कारवीची आणि बांबूची झुडपं आत घुसतात, त्यामुळे कुणीच कोपर बाहेर काढायचं नाही. मोबाईल बाहेर धरून शूटिंग करणारे तर दर आठवड्याला एक मोबाईल जंगलाला देतात.

आता ते पाणी, ज्याला सासूबाई घाबरल्या.

वाटेत ओढे-नदी ओलांडायला लागते, तीनेक ठिकाणी. ऑक्टोबरमध्ये जंगल उघडतं तेव्हा पाणी चांगलं असतं, पायापर्यंत आत येतं, बॅगा मांडीवर घ्यायला लागतात. तुम्ही डिसेंबरमध्ये जाताय, तोवर बरंच उतरलेलं असतं, तरी चाकं बुडतील एवढं मिळतं, मुलाची हौस फिटेल. मार्चनंतर गेलात तर नुसती खडी आणि धूळ, धबधबा पण बारीक, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये विचारणाऱ्यांना मी सरळ नको म्हणतो. आणि पावसाळ्यात जीप बंदच असते.

माझ्या नेहमीच्या ड्रायव्हरबरोबर मी पुढे बसतो तेव्हा हे बघायला मला अजून मजा वाटते. काठाशी गाडी थांबवतो, आपल्याला वाटतं समोरच्या जीपसाठी थांबलाय, तो असतोच, पण त्याचं लक्ष असतं उजवीकडच्या एका काळ्या दगडाकडे. दगडाचं डोकं कोरडं आहे का, बस. मग छोटा गिअरचा दांडा ओढून फोर व्हील लो मध्ये टाकतो, पहिला गिअर, आणि पाय ॲक्सिलरेटरवर जो ठेवतो तो पलीकडच्या काठापर्यंत हलवत नाही. ना गिअर बदलणार ना क्लच दाबणार. पुढच्या बंपरने पाण्याची एक लाट ढकललेली असते आणि गाडी त्या लाटेच्या मागे मागे जाते, वेग वाढवला तर लाट बॉनेटवर येते आणि मधेच पाय काढला तर पाणी उलटं सायलेन्सरमध्ये शिरायला बघतं. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतात त्यामुळे ती भिजून बंद पडायची भीती कमी, फक्त हवा ओढायचं तोंड पाण्याच्या वर पाहिजे, इंजिनने पाणी ओढलं की मग कामच झालं. खालून गोटे सरकल्याचा गडगड आवाज येतो, गाडी एका बाजूला कलते, मागून कुणीतरी "अगं आई गं" करतं, आणि तो शांतपणे कोकणीत म्हणतो, "कांयच जावचें ना", काही होणार नाही. पलीकडे चढल्यावर दहा-वीस मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवतो, भिजलेले ब्रेक सुकवायला. लोकांना वाटतं गाडीत काहीतरी बिघडलं. हे सगळं तो दिवसातून दोन-तीनदा, आठ महिने, त्याच रस्त्यावर करतो. आपण महामार्गावर रात्रीच्या स्लीपर बसमध्ये निवांत झोपतो त्या मानाने ही जीप मला कितीतरी बरी वाटते, वेगच नाही हो, पंधरा-वीसच्या वर काटा जात नाही.

जंगलाबद्दल उगाच वाढवून सांगणार नाही. प्राणी बघायला जात असाल तर निराश व्हाल, एवढ्या जीपच्या आवाजात कोण थांबणार. फुलपाखरं दिसतात, ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर तर थव्याने बसलेली असतात, कधी शेकरू, आणि वर मोठी झाडं एवढी दाट की सकाळी नऊला पण थंडी वाजते. उघड्या गाडीची खरी मजा हीच, वास येतो, ओल्या पाल्याचा, मधेच कसल्यातरी फुलाचा. काच बंद गाडीतून हेच जंगल म्हणजे नुसता हिरवा टीव्ही.

आणि मग जीप थांबते, आणि इथून तुमच्या सासूबाईंचा प्रश्न सुरू होतो.

पुढची वाट आधी बरी आहे, मुळं आहेत, थोडा चढ-उतार, छोटा पूल. नंतर दगड लागतात. घरच्या पायरीएवढे, काही त्याच्या दुप्पट, वरून हजारो लोकांचे पाय पडून गुळगुळीत झालेले आणि ओले, कारण पोहून परत येणारे सगळे तिथेच निथळत येतात. चढताना गुडघेदुखीवाली माणसं हळूहळू येतात, उतरताना अडकतात. परतीला मागच्यांची घाई असते, ड्रायव्हरने दिलेली वेळ संपत आलेली असते, आणि तेव्हाच पाय सटकतो. सासूबाई घरी पायऱ्या उतरताना कठडा धरून एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरत असतील तर धबधब्यापर्यंत नेऊ नका. तशा उतरत नसतील, सरळ उतरतात, तर काठी आणि एका माणसाचा हात, जमेल. माझ्या ग्रुपमध्ये ७४ वर्षांच्या आजी मजेत जाऊन आल्यात आणि ४५ वर्षांचे दोन गृहस्थ अर्ध्यातून परत फिरलेत.

जमणार नसेल तरी त्यांना घरी ठेवायचंच असं नाही. जीपने वरपर्यंत आणा, पहिल्या पुलापर्यंत हळूहळू या, तिथे ओढ्याच्या काठी सावलीत बसतील, सोबत एकजण थांबवा आणि मोठी माणसं पाळीपाळीने जा. घडीचं छोटं स्टूल न्या, खाली बसून उठणं त्यांना जमणार नाही. फक्त त्यांच्या हातात खायचं काही नको. माकडं आहेत तिथे, आणि ती पिशवीचा आवाज ओळखतात, वेफरचं पाकीट म्हणजे त्यांना शाळेची घंटा. माकडाने पिशवी ओढली तर सोडून द्यायची, रस्सीखेच करायची नाही. प्लास्टिकवर तसंही आत जाताना तपासणी असते, दारू तर विचारूच नका.

नणंदेचं उत्तर मात्र एका शब्दात, नको. डॉक्टर हो म्हणाले तरी मी माझ्या जीपमध्ये घेत नाही. आणि ताई, त्यांना "तू हॉटेलवर थांब" म्हणू नका, फार वाईट वाटतं. त्यापेक्षा असं करा. तुम्ही कुळ्यात उतरा आणि त्याच गाडीने नणंद आणि जे जीपने येणार नसतील ते, तांबडी सुर्लाला पाठवा. मोलेपासून बारा-तेरा किलोमीटर, चांगला रस्ता, घाटाच्या पायथ्याशी ओढ्याकाठी महादेवाचं कदंब राजांच्या काळातलं देऊळ आहे, बाराव्या-तेराव्या शतकातलं. काळ्या दगडाचं, आणि गोव्यात खाली सगळा जांभा दगड, हा काळा पाषाण घाटावरून आणलाय म्हणतात. दगड एकमेकांत बसवलेत, चुना नाही. सभामंडपाच्या छताला दगडात कोरलेलं कमळ आहे ते मान वर करून बघायला सांगा. आत गारवा, गर्दी कमी, चालणं सपाट. खरं सांगू, माझ्या ग्रुपमधली निम्मी म्हातारी माणसं परत आल्यावर दूधसागरपेक्षा तांबडी सुर्लाच जास्त आठवतात.

आता धबधबा. ३१० मीटर उंची, चार टप्प्यांत पडतो, आणि खालून बघताना मान मोडेस्तोवर वर बघायला लागतं. मधोमध रेल्वेचा पूल आडवा जातो, नशीब असेल तर गाडी जाताना दिसते, एवढ्या मोठ्या पाण्यापुढे ती खेळण्यातल्या आगगाडीएवढी दिसते. मालगाडी आली तर खालचे सगळे पोरांसारखे हात हलवतात. सकाळी सूर्य कड्याच्या मागे असतो त्यामुळे फोटोत पाणी पांढरं आणि बाकी काळोख येतो, फोटोवाले म्हणून दुपारची जीप धरतात. मी सकाळच सांगेन, फोटोपेक्षा गर्दी नसणं मोठं. हेच पाणी पुढे खांडेपार नदीतून मांडवीला मिळतं, पणजीला क्रूझवर बसाल तेव्हा मुलाला दाखवा, तू अंघोळ केलेलं पाणी आलं बघ.

खालच्या डोहात लाइफ जॅकेट घालून उतरता येतं. पाणी डिसेंबरात बर्फासारखं, पहिली दोन मिनिटं श्वास अडकतो, त्यामुळे सासऱ्यांनी बीपी असेल तर धाडकन उतरू नये, पाय सोडून बसावं. काठाला बारके मासे पायाला चावे घेतात, गुदगुल्या होतात, मुलं वेडी होतात त्याने. जीवरक्षक शिट्टी मारून सांगतात त्या दोरीच्या पलीकडे अजिबात नाही, धबधब्याच्या थेट खाली पाण्याची ओढ आणि दगड दोन्ही असतात. मुलाच्या जॅकेटचे पट्टे तुम्ही स्वतः ओढून बघा, दोन्ही खांदे धरून वर उचलायचं, जॅकेट कानापर्यंत येत असेल तर ढिलं आहे. लहान साइज काउंटरवरच मागून घ्यायची, वर मिळत नाही.

इथे माझा एक शहाणपणा सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट, एका फॅमिलीला माझ्याच गाडीतून नेलं होतं. सगळ्यांना "खिसे तपासा, मोबाईल काढा" सांगून झालं आणि स्वतः उतरलो ते गाडीची रिमोटवाली किल्ली बर्म्युड्याच्या खिशात ठेवूनच. कुळ्याला आलो, बटण दाबतोय, काही नाही. किल्लीतून पाणी ठिबकतंय. सगळ्यांचे कोरडे कपडे गाडीत, पाकिटं गाडीत, आणि आम्ही आठजण ओलेचिंब पार्किंगमध्ये. चावीने दार उघडलं शेवटी, पण गाडी चालूच होईना, सिक्युरिटीचा लाल दिवा लुकलुकतोय. एका चहाच्या टपरीवाल्या मावशीने किल्ली उघडून चुलीशेजारच्या फळीवर सुकत ठेवली, मी तासभर तिथे चहा पीत बसलो, ग्रुप माझ्याकडे बघतोय. झाली चालू नशिबाने. तेव्हापासून किल्ली झिप पाउचमध्ये आणि पाउच कोरड्या राहणाऱ्या माणसाच्या गळ्यात. तुमच्याकडे ते काम सासूबाईंना द्या.

बाकी किरकोळ. मागे पट्टा असलेली रबरी सँडल घाला, चप्पल पाण्यात निघून जाते आणि बूट दिवसभर ओले राहतात. जीपवरून उतरताच नंबर प्लेटचा फोटो काढा, परत याल तेव्हा एकसारख्या चाळीस जीप उभ्या असतात आणि ड्रायव्हर कुठेतरी सावलीत झोपलेला असतो. चष्म्याला दोरी. मुलासाठी एक कोरडा टॉवेल आणि बनियन-शर्ट वरच्या बॅगेत, कारण परतीला ओल्या अंगाने उघड्या गाडीत वारा लागला की संध्याकाळी शिंका सुरू. पूर्ण कपडे कुळ्यालाच बदला. आणि परतीचे धक्के जाताना वाटले त्यापेक्षा जास्त वाटतात, अंग थकलेलं असतं, तेव्हा मुलगा झोपेल, त्याला मांडीवर आडवं घेऊ नका, उभा धरून छातीशी घ्या.

पैसे वसूल का, तर माझं मत, फक्त धबधबा बघायचा असेल तर वसूल नाही. दीड तासात ढकलाढकलीत बघायचा, आणि डिसेंबरचा दूधसागर म्हणजे जुलैच्या दूधसागरचा धाकटा भाऊ. पण ती बारा किलोमीटर तुम्हाला जीप म्हणून, जंगल म्हणून आवडणार असतील तर वसूल. तुमच्या मुलाचं मला काही विचारायलाच नको. सासऱ्यांचं डॉक्टरांवर, सासूबाईंचं पायऱ्यांवर.

एक शेवटचं, तुम्ही नाशिकचे म्हणून सांगतो. जाताना कसेही जा, पण परतीला गोवा एक्सप्रेस बघा, वास्कोहून दुपारी निघते आणि मडगाव, कुळे, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे करत मनमाडला जाते. घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, म्हणून कुळ्याला गाडीला जादा इंजिनं जोडतात, तेवढा वेळ थांबते. मग चढत चढत संध्याकाळच्या आत त्याच पुलावरून जाते जो तुम्ही खालून बघितला. जी मंडळी दगडांवरून खाली पोचली नाहीत, नणंद, सासूबाई, त्यांना धबधबा या गाडीतून अगदी समोर दिसतो, एक धक्का न खाता. येताना हीच गाडी तिथून रात्रीच्या अंधारात जाते, त्यामुळे उलट्या बाजूने फायदा नाही, आणि वेळापत्रक बुकिंगच्या वेळी एकदा तपासून घ्या, डिसेंबरात दिवस लवकर मावळतो. पुलाजवळ गाडी थांबली तरी उतरायचं नाही हां, तिथे उतरायला आणि रुळावरून चालायला बंदी आहे, २०२३ च्या जुलैत रुळावरून धबधब्याला निघालेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. डब्यातल्या बेळगाव-मिरजेच्या नेहमीच्या माणसांना आधीच विचारून ठेवा धबधबा कुठल्या बाजूला येणार, आणि कुळे सुटलं की चहावाल्याला हाक मारू नका, मिनिटभराचा खेळ असतो, सुटे पैसे शोधेपर्यंत बोगदा येतो.